प्राचीन जगातल्या साहसकादंबऱ्या: पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी

प्राचीन इजिप्त, रोम, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्या पार्श्वभूमीवरच्या जुन्या साहसकादंबऱ्या वाचायची इच्छा पुष्कळांना असते. पुस्तक हातात येतं, पहिली चाळीस-पन्नास पानं कशीबशी सरतात आणि मग ते बाजूला पडतं. इंग्रजी अवघड आहे, वर्णनं फार आहेत, नावं लक्षात राहत नाहीत, अशी कारणं सांगितली जातात. ती खरीच आहेत, पण प्रत्येकावर उपाय आहे. शिवाय या पुस्तकांची खरी गंमत वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ती कुठे शोधायची हे आधी कुणी सांगितलं तर वाट फार सोपी होते.

ती गंमत अशी की अशा प्रत्येक कादंबरीत तीन काळ एकमेकांत मिसळलेले असतात. गोष्ट घडते तो काळ, लेखकाने ती लिहिली तो काळ, आणि त्यानंतरच्या उत्खननांनी आपल्याला शहाणं केलं तो आजचा काळ. हे तिन्ही वेगळे ओळखता आले की तीच कादंबरी दुप्पट रंगते.

पायरी पहिली: पुस्तक निवडताना नावाला भुलू नका

सुरुवात हेन्री रायडर हॅगर्डच्या 'किंग सॉलोमन्स माइन्स'पासून करा. १८८५ सालची ही कादंबरी लहान आहे, गोष्ट सांगणारा ॲलन क्वाटरमेन साधी, शिकाऱ्याची भाषा बोलतो आणि प्रकरणं झपाझप पुढे सरकतात. ही थेट प्राचीन काळात घडत नाही. एकोणिसाव्या शतकातली माणसं एका प्राचीन संस्कृतीच्या खुणा शोधत निघतात. नवख्या वाचकाला हे सोयीचं पडतं, कारण सगळंच जग अनोळखी नसतं.

दुसरं पुस्तक रोमचं घ्या: पोलिश लेखक हेन्रिक श्येन्क्येविच याची 'क्वो वादिस'. नीरोचा दरबार, इसवी सन ६४ मधली रोमची आग, रिंगणातले प्राणघातक खेळ आणि त्यातून जाणारी एक प्रेमकथा असा तिचा मोठा पट आहे. पुस्तक जाडजूड असलं तरी वेग सुटत नाही. तिसरं इजिप्तचं. तिथे दोन वाटा आहेत. हॅगर्डची 'क्लिओपात्रा' (१८८९) कटकारस्थानं आणि पिरॅमिडमधला गुप्त खजिना यांवर उभी आहे. फिनलंडच्या मिका वाल्तारीची 'द इजिप्शियन' (१९४५) संथ आणि उदास आहे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेल्या युरोपात ती लिहिली गेली, आणि आखेनातेन राजाच्या काळातली गोष्ट सांगत असूनही त्या युद्धाचा थकवा तिच्या पानापानांत जाणवतो.

फ्रेंच लेखक फ्लोबेरची 'सालाम्बो' (१८६२) मात्र पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. कार्थेजच्या भाडोत्री सैनिकांनी इसवी सनपूर्व २४१ ते २३७ या काळात केलेल्या बंडाची ही कादंबरी माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ आहे. पण तिचं गद्य दाट आहे आणि रक्तपात अंगावर येणारा आहे. तिच्यासाठी थोडी तयारी झालेली असावी.

पायरी दुसरी: नेमकी प्रत मिळवा

हे काम अनेकजण गंभीरपणे घेत नाहीत आणि तिथेच फसतात. हॅगर्डचा मृत्यू १९२५ सालचा, श्येन्क्येविचचा १९१६ चा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांची मूळ पुस्तकं आज कुणालाही मोफत वाचता येतात. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती आहेत, मोबाइलवरही सहज उघडतात. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली ध्वनिमुद्रणं मिळतात. इंग्रजी वाचनाचा वेग कमी असेल तर डोळ्यांसमोर मजकूर आणि कानात आवाज अशी पहिली तीन-चार प्रकरणं काढून पाहा. लांबलचक वाक्यांत कुठे थांबायचं, हे ऐकून लवकर कळतं.

वाल्तारी १९७९ साली वारला, म्हणून ते पुस्तक विकत घ्यावं लागेल किंवा ग्रंथालयातून आणावं लागेल. त्याचं प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर स्वीडिश भाषांतरावरून केलेलं आणि बरंच कापलेलं आहे, हे माहीत असू द्या. काही प्रसंग तुटक वाटले तर दोष वाल्तारीचा नाही.

स्वस्त आवृत्त्यांच्या बाबतीत मुखपृष्ठाच्या आतलं पान नीट पाहा. 'संक्षिप्त', 'मुलांसाठी', 'सुलभ' असं काही छापलं असेल तर ते पुस्तक वेगळंच समजावं. मराठी प्रत हाती आली तरी 'अनुवाद' लिहिलंय की 'रूपांतर' की 'स्वैर', ते आधी बघा. रूपांतर वाईट असतं असं नाही. फक्त मूळ पुस्तक वाचल्याचं समाधान त्याच्याकडून मागू नये.

पायरी तिसरी: कोऱ्या पानावर तीन साल लिहा

पुस्तकाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तीन ओळी लिहा. गोष्ट कोणत्या साली घडते, पुस्तक कोणत्या साली लिहिलं, आणि त्या जागेबद्दलचे महत्त्वाचे शोध कधी लागले. ही पायरी सगळ्यांत मोलाची आहे, म्हणून दोन उदाहरणं जरा सविस्तर सांगतो.

एडवर्ड बुल्वर-लिटनची 'द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई' घ्या. गोष्ट इसवी सन ७९ ची, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाची. पुस्तक १८३४ चं. लेखक त्याआधी इटलीत जाऊन आला होता आणि पॉम्पेईत नुकतंच उकरलेलं बरंच काही त्याने पाहिलं होतं. १८२४ साली तिथे एक घर सापडलं, ज्याला आज 'शोकांतिका-कवीचं घर' म्हणतात. त्याच्या उंबऱ्याशी साखळीने बांधलेल्या कुत्र्याचं मोझेक आहे आणि खाली 'कुत्र्यापासून सावध' अशा अर्थाचे लॅटिन शब्द. लिटनने तेच घर आपल्या नायकाला, ग्लॉकसला, दिलं. म्हणजे कादंबरीतल्या खोल्या आणि तो कुत्रा आजही पॉम्पेईत आहेत, भिंतींवरची मुख्य चित्रं मात्र नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. इसिस या इजिप्शियन देवीचं देऊळसुद्धा खरं आहे, ते १७६४ मध्येच उकरलं गेलं होतं.

आता तिसरी ओळ. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्लीने राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मेलेल्या माणसांचे आकार बाहेर काढायला सुरुवात केली. पॉम्पेई म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर तीच माणसं येतात, पण लिटनला ती ठाऊकच नव्हती. २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यातली तारीख ऑक्टोबरच्या मध्यातली आहे. त्यामुळे उद्रेक ऑगस्टमध्ये नव्हे, शरद ऋतूत झाला असावा असं अनेक अभ्यासक आता मानतात. हे ठाऊक ठेवून वाचलं की कादंबरीतला उन्हाळा लेखकाच्या काळाचा उन्हाळा ठरतो, आणि त्याने हाताशी असलेल्या तुटपुंज्या पुराव्यांतून किती उभं केलं याचं कौतुक वाढतं. जाता जाता एक सांगायला हवं: या लेखकाचा मुलगा रॉबर्ट लिटन १८७६ ते १८८० हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. १८७८ चा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरचा कायदा त्याचाच.

दुसरं उदाहरण 'किंग सॉलोमन्स माइन्स'चं. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भग्नावशेषांपर्यंत पोचला आणि हे बायबलमधल्या सॉलोमन राजाला भेटायला गेलेल्या शेबाच्या राणीचं काम असावं असं त्याने जाहीर केलं. आफ्रिकेतल्या लोकांनी एवढं मोठं बांधकाम केलं असेल हे तेव्हाच्या युरोपीय मनाला पटतच नव्हतं. हॅगर्डची कादंबरी याच हवेत जन्मली. आफ्रिकेच्या आत कुठेतरी सॉलोमनच्या काळातला रस्ता आणि खाणी आहेत, ही कल्पना त्या पिढीला फारशी विचित्र वाटली नाही. पुढे १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्प्सनने उत्खननातून दाखवून दिलं की ते शहर आफ्रिकेतल्याच लोकांनी मध्ययुगात बांधलं. आज ते शोना लोकांच्या पूर्वजांचं काम मानलं जातं. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने याच शहराचं नाव घेतलं. हा सगळा पट कळल्यावर ती कादंबरी टाकून द्यावीशी वाटत नाही. एका चुकीच्या समजुतीला किती देखणं रूप देता येतं आणि ते किती दूरवर पोचतं, हे मात्र स्पष्ट दिसतं.

पायरी चौथी: पहिली पन्नास पानं पार करा

एकोणिसाव्या शतकातले लेखक घाईत नसत. ल्यू वॉलेसच्या 'बेन-हर' (१८८०) मध्ये नायक पहिल्या भागात येतच नाही. तिथे तीन ज्ञानी पुरुष वाळवंटात भेटतात आणि येशूचा जन्म होतो. कंटाळा आला तर सरळ दुसऱ्या भागापासून सुरू करा, ज्यूडा बेन-हर तिथे भेटतो. पहिला भाग नंतर वाचला तरी बिघडत नाही. रथांची शर्यत पाचव्या भागात, अँटिओक शहरात आहे, आणि ती वाचताना थांबता येणार नाही अशी वेळ निवडा.

नावांसाठी एक जुनी वही पुरे. एका पानावर माणसं, दुसऱ्यावर जागा. रोमन माणसाला दोन-तीन नावं असतात आणि लेखक कधी एक वापरतो, कधी दुसरं. ती एकाच ओळीत लिहून ठेवा. इजिप्तची गाठ थोडी वेगळी आहे. जुन्या पुस्तकांत ग्रीकांनी रूढ केलेली नावं असतात, आजच्या लेखांत इजिप्शियन. चीऑप्स म्हणजे खुफू आणि थीब्ज म्हणजे आजच्या लक्सरचा परिसर, एवढं कळलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. नकाशा मोबाइलवर उघडा ठेवा. इसवी सनपूर्व साल उलटे मोजायचे असतात, म्हणजे २४१ आधी आणि २३७ नंतर, हेही सुरुवातीला कटाक्षाने लक्षात ठेवावं लागतं.

लांब वर्णन आलं की ते भरभर वाचा, पण गाळू नका. इमारतींची आणि जेवणावळींची वर्णनं हाच या लेखकांचा अभ्यास आहे.

पायरी पाचवी: खरं-खोटं शेवटी तपासा

वाचताना दर पानाला मोबाइल उघडून खातरजमा करत बसलात तर गोष्ट हातची जाईल. शंका आली की समासात छोटी खूण करा आणि पुस्तक संपल्यावर एका बैठकीत सगळ्या खुणा तपासा. या बैठकीत फार मजा येते.

'बेन-हर'मध्ये नायकाला गलबतावर वल्ही मारायची गुलामगिरी भोगावी लागते. तो प्रसंग इतका जबरदस्त आहे की सगळ्या जगाने तो खरा मानला. प्रत्यक्षात रोमन आरमारातले वल्हेकरी सामान्यतः पगारी, स्वतंत्र माणसं असत. साखळदंडातले वल्हेकरी ही नंतरच्या शतकांतली गोष्ट. बोलेस्लाव प्रूसच्या 'फॅरो' कादंबरीचा नायक तेरावा रॅमसेस आहे, पण इतिहासात रॅमसेस नावाचे राजे अकराच झाले. प्रूसने मुद्दाम असा राजा निर्माण केला, म्हणजे सत्तेबद्दल आणि पुरोहितांबद्दल जे सांगायचं ते मोकळेपणाने सांगता येईल. पहिल्या उदाहरणात चूक आहे आणि दुसऱ्यात योजना. हा फरक ओळखायची सवय लागली की तुम्ही कसलेले वाचक झालात असं समजा.

ग्रहणाचा प्रसंग तर दोन लेखकांत ताडून पाहण्यासारखा आहे. 'फॅरो'मध्ये पुरोहितांना ग्रहणाची वेळ आधी ठाऊक असते आणि ते जमावाला त्याच्या धाकाने वाकवतात. 'किंग सॉलोमन्स माइन्स'मध्ये गोरे प्रवासी पंचांगाच्या आधारे तेच करतात. हॅगर्डच्या पहिल्या आवृत्तीत ते सूर्यग्रहण होतं आणि काळोख चांगलाच लांबला होता. खग्रास सूर्यग्रहण एका जागी साडेसात मिनिटांच्या आसपासच्या पुढे जात नाही. पुढच्या आवृत्त्यांत त्याने ते बदलून चंद्रग्रहण केलं. तुमच्या प्रतीत कोणतं ग्रहण आहे ते बघा, म्हणजे ती कोणत्या आवृत्तीवरून छापली तेही कळेल.

पायरी सहावी: जे खटकतं ते खटकू द्या

या पुस्तकांत आजच्या वाचकाला टोचणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. हॅगर्ड आफ्रिकी माणसांबद्दल जे लिहितो त्यात आदर आणि साम्राज्याचा अहंकार एकत्र नांदतात. त्याचा उंबोपा राजासारखा उंच उभा राहतो, आणि त्याच पुस्तकात वंशांच्या उतरंडीबद्दल वाक्यं येतात. लिटनचा खलनायक इजिप्शियन पुरोहित आहे, कारण त्या काळच्या इंग्रज वाचकाला पूर्वेकडचा पुरोहित म्हणजे कपटी असंच वाटायचं. हत्तींची शिकार, स्त्री-पात्रांना दिलेली दोनच टोकं, मूर्तिपूजकांबद्दलचा सूर, सगळं आहे. आपण स्वतः साम्राज्याखाली राहिलेल्या समाजातले वाचक आहोत, त्यामुळे आपल्याला हे इंग्रज वाचकापेक्षा लवकर दिसतं. त्या जागांवर खूण करा. माफ करायची गरज नाही आणि पुस्तक फेकायचीही नाही.

उलट बाजूही बघा. श्येन्क्येविच लिहीत होता तेव्हा पोलंड नकाशावर नव्हता, तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. त्याची नायिका लिगिया ज्या जमातीची आहे, ती पुढे पोलंड झालेल्या प्रदेशातली. रोमच्या रिंगणात तिचा राखणदार उर्सुस जेव्हा नुसत्या हातांनी बैलाची मान मोडतो, तेव्हा पोलिश वाचकाला काय वाटलं असेल हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'क्वो वादिस' आली त्याच, १८९० च्या दशकात हरी नारायण आपटे 'करमणूक' साप्ताहिकातून शिवकाळ लिहीत होते.

पायरी सातवी: मूळ साधन शेजारी ठेवा

कादंबरी संपली की ती ज्या प्राचीन मजकुरावर उभी आहे, त्यातली निदान दहा पानं वाचा. 'क्वो वादिस'साठी रोमन इतिहासकार टॅसिटसच्या 'ॲनल्स'मधला, नीरोचा दरबारी पेट्रोनियस याच्याबद्दलचा छोटासा भाग पुरेसा आहे. टॅसिटस लिहितो की हा माणूस दिवसा झोपायचा आणि रात्री कामं व मौजमजा करायचा. श्येन्क्येविचची कादंबरी कशी सुरू होते? आदल्या रात्रीच्या मेजवानीने थकलेला पेट्रोनियस दुपारच्या सुमाराला जागा होतो. इतिहासकाराच्या एका वाक्याचा कादंबरीकाराने पूर्ण प्रसंग केला. त्याच्या मृत्यूचंही तसंच: टॅसिटसमध्ये तो शिरा कापून घेतो, पुन्हा बांधून घेतो, मित्रांशी हलकंफुलकं बोलत राहतो, आणि नीरोच्या दुष्कृत्यांची यादी मोहोर लावून त्यालाच पाठवतो. कादंबरीचा शेवट वाचून मग हा परिच्छेद वाचा. काय घेतलं, काय सोडलं, काय वाढवलं हे ओळीओळीने दिसतं. कथा लिहू पाहणाऱ्यांना यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

पॉम्पेईसाठी धाकट्या प्लिनीची टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रं वाचा. उद्रेक झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि आखाताच्या पलीकडून पाहत होता. 'सालाम्बो'साठी ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या इतिहासाचा पहिला भाग. 'द इजिप्शियन'साठी सिनुहेची प्राचीन इजिप्शियन कथा. वाल्तारीने नायकाचं नाव तिथूनच घेतलं. राजाच्या मृत्यूची बातमी ऐकून घाबरून परदेशी पळालेल्या दरबाऱ्याची ती गोष्ट जेमतेम काही पानांची आहे, आणि तिचं वय चार हजार वर्षांच्या जवळ जातं.

पायरी आठवी: घराजवळच्या खुणा पाहून या

यासाठी इजिप्त किंवा इटली गाठायची गरज नाही. उद्रेकात मेलेल्या थोरल्या प्लिनीने तक्रार केली होती की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स खेचून नेतो. त्या व्यापाराचं एक टोक आपल्याकडे होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर ही गावं आहेत. कार्ल्याच्या लेण्यात यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं खांबांवर कोरलेली आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे.

१९३८ साली पॉम्पेईत एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. सध्या ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या. तेरचं लामतुरे संग्रहालय लहान आहे पण वेळ काढून पाहावं असं आहे. 'द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई' वाचून झाल्यावर तिथे जा. लिटनला या मूर्तीचा पत्ता नव्हता, आणि त्याच्या पॉम्पेईच्या बाजारात दख्खनचा माल कुठे ठेवायचा हे आता तुम्ही ठरवू शकता.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ॲसिरियन राजवाड्यांतले कोरीव दगड आहेत. इंग्रज उत्खननकार हेन्री लेयार्डने आजच्या इराकमधल्या निमरूदहून काढलेल्या वस्तूंच्या पेट्या १८४० च्या दशकात बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. ममी पाहायची असेल तर बडोद्याचं संग्रहालय आपल्याला सोयीचं. 'क्लिओपात्रा' किंवा 'द इजिप्शियन' हातात घेण्याच्या आधी जाऊन आलात तर ममीकरणाची पानं वाचताना अडखळणार नाही.

एवढं झालं की 'सालाम्बो' उघडा. कार्थेजचा सेनापती हॅमिल्कार याच्या बागेतल्या सैनिकांच्या मेजवानीचं पहिलं प्रकरण एका बैठकीत संपवा आणि कोऱ्या पानावर तीन साल आधीच लिहून ठेवा: कार्थेजचं बंड २४१ ते २३७ इसवी सनपूर्व, पुस्तक १८६२, आणि तिसऱ्या ओळीत तुम्ही स्वतः शोधून काढलेलं कार्थेजच्या उत्खननाचं एखादं साल.